अपुरे घर आणि पुरता पाहुणचार

पाहुणचार हा गृहस्थाश्रमाचा अलंकार होय, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. परंतु अलंकार जिच्या अंगावर असतो तिला त्याचे ओझेही वाहावे लागते, ही गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. घर ऐसपैस असले आणि हाताखाली माणसे असली म्हणजे हे ओझे जाणवत नाही. घर अपुरे असले आणि तेही परमुलुखात असले, म्हणजे ते जाणवू लागते. आणि जाणवूनही बोलता येत नाही, तेथे मने कलुषित होण्यास आरंभ होतो.

आज आपल्यापैकी पुष्कळ घरांतील मुले-मुली लंडन, न्यू जर्सी, सिंगापूर, दुबई अशा ठिकाणी बिऱ्हाडे करून राहिली आहेत. त्यांच्याकडे आईबाप जातात, ते ठीकच. पण आताशा आईबापांचे स्नेही, शेजारी, जुने सहाध्यायी अशी घरोब्याची मंडळीही जाऊ लागली आहेत. आप्तांचे एक बरे असते, की रुसवेफुगवे झाले तरी रक्ताचे नाते तुटत नाही. स्नेह्याचे नाते केवळ गोडीवर टिकलेले. ते पंधरा दिवसांच्या सहवासाने घट्ट होते, किंवा पंधरा दिवसांतच विरते. म्हणून दोन-तीन खोल्यांच्या बिऱ्हाडात अशा मंडळींचे आदरातिथ्य कसे व्हावे, याविषयी चार विचार वाचकांपुढे मांडण्याचे योजिले आहे.

गर्दीच्या घरातील पाहुणचार म्हणजे काय, हे पाहावयाचे तर आमच्या सारंगखेड्यास यावे. नंदुरबार जिल्ह्यातील हे तापीकाठचे गाव. येथे एकमुखी दत्ताचे देवस्थान असून मार्गशीर्ष पौर्णिमेस, म्हणजे दत्तजयंतीस, मोठी यात्रा भरते. यात्रेबरोबरच घोड्यांचा बाजार भरतो. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश अशा दूरदूरच्या प्रांतांतून मारवाडी व काठेवाडी जातीची जनावरे येतात आणि जाणत्यांची पारख चालते. या दिवसांत पाहुण्यांवाचून राहिलेले घर गावात शोधूनच काढावे लागेल. कोणी दोंडाईच्याच्या स्टेशनावर उतरून, कोणी शहाद्याकडून मोटारीने येतो. चार खोल्यांच्या घरात वीस-बावीस माणसे निजतात: माडीवर वडील मंडळी, माजघरात बायका-मुले, ओसरीवर तरुण पोरे. अंगणात पऱ्हाट्यांचा जाळ करून वांगी भाजली जातात आणि कळण्याच्या भाकरी शेजारच्या दोन घरांतून थापून येतात.

एवढी गर्दी असूनही तीतून कायमचे वितुष्ट आल्याचे क्वचितच ऐकू येते. आमच्या गावची माणसे इतरांहून उदार आहेत, असा दावा कोणी करणार नाही. खरी कारणे तीन आहेत. पहिले, यात्रेची तिथी पंचांगात असते. कोण केव्हा येणार आणि केव्हा जाणार हे दोन्हीकडे ठाऊक असते. दुसरे, येणारा आपली वळकटी बरोबर आणतो, सकाळी उठून बाजारात जातो आणि निजण्या-जेवण्यापुरता घरात असतो. तिसरे, पाहुणी आलेली बाई न सांगता चुलीशी बसते आणि पाहुणा आलेला पुरुष न सांगता पाण्याची घागर उचलतो. हा सगळा करारच आहे. परंतु तो दोन-तीन पिढ्यांच्या अंगवळणी पडल्यामुळे कोणास बोलून दाखवावा लागत नाही.

परमुलुखात हा न बोललेला करार सुटतो. माणसे तीच, स्नेह तोच. परंतु तेथील घराचा व्यवहार आपल्या ओळखीचा नसतो. येथे ऊन पाणी हवे तर बंबात आणखी दोन ढलप्या टाकता येतात. तेथील कित्येक घरांत टाकीतले ऊन पाणी एकदा संपले, की पुन्हा तापेपर्यंत थांबावे लागते. येथे फोडणीच्या वासाने शेजारी जेवावयास येतो. तेथे फोडणीच्या धुराने छताला लाविलेली आगीची घंटा वाजू लागते. येथे सून घरी असते असे गृहीत धरून आपण येतो. तेथे सून सकाळी सातला घर सोडते आणि सायंकाळी सातला परतते. यांपैकी एकही गोष्ट मोठी नाही. पण लहान गोष्टी रोज घडतात, म्हणून त्याच अधिक बोचतात.

आमच्या परिचयातील दोन कुटुंबांची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. दोघा गृहस्थांचा स्नेह चाळीस वर्षांचा. एकाचा मुलगा लंडनच्या एका उपनगरात दोन निजण्याच्या खोल्या व एक दिवाणखाना अशा घरात बायको व दोन मुलांसह राहतो. दुसरे गृहस्थ पत्नी, कन्या व नातू यांना घेऊन तीन आठवड्यांसाठी त्याच्याकडे उतरले. निघण्यापूर्वी त्यांनी "आम्ही घरचेच आहोत, कोठेही पडू," असे कळविले. मुलानेही "काका, अवश्य या, काही अडचण नाही," असे उत्तर धाडिले. दोघांनीही मनापासून लिहिले होते. मुलांची खोली पाहुण्यांना दिली. मुले आईबापांच्या खोलीत आली आणि मुलगा दिवाणखान्यात जमिनीवर निजू लागला. त्याच दिवाणखान्यात बसून त्याला रात्री अकरापर्यंत कचेरीचे काम करावे लागे आणि त्याच वेळी पाहुणे दूरचित्रवाणी पाहत गप्पा मारीत बसत. सकाळी साडेसहाला सूनबाई स्नानास जाई, तो टाकी थंड. आठव्या दिवशी ती कामावर ताप अंगात घेऊन गेली. तीन आठवड्यांत घरात कोणी कोणास दुखवील असा एक शब्द बोलले नाही, मात्र गावी परतल्यावर काकू म्हणाल्या, "तेथे ऊन पाणीसुद्धा मोजून मिळते हो!" आणि सूनबाईने सासूला लिहिलेल्या पत्रातील दोन वाक्ये कशी कोण जाणे काकूंच्या कानी गेली. आज ते दोघे वृद्ध स्नेही नदीकाठी समोरासमोर आले म्हणजे नमस्कार करितात आणि आपापल्या वाटेने जातात.

या हकीकतीत दुष्ट असे कोणीच नाही. पाहुण्यास टाकीची गोष्ट ठाऊक असती तर त्याने दुपारी स्नान केले असते. रात्रीच्या कामाची गोष्ट ठाऊक असती तर तो साडेआठलाच खोलीत गेला असता. ज्या प्रेमाने "काही अडचण नाही" असे लिहविले, त्याच प्रेमाने अडचण होती तशी लिहविली असती, तर चाळीस वर्षांचा स्नेह वाचता.

येथे कोणी म्हणेल, की पाहुण्यास अगोदर अडचणी सांगणे हे आपल्या शास्त्राला धरून नाही. अतिथीला देव मानण्याचा उपदेश तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत आहे. आहे खरा. परंतु ज्या ग्रंथांनी अतिथीला देव म्हटले, त्याच परंपरेने त्याच्या सत्काराला मर्यादाही घातल्या आहेत, त्या आपण सोयीने विसरतो. तिथी न कळविता येतो तो अतिथी, असा अर्थ लोक करितात. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात दिलेला अर्थ निराळा आहे: ज्याचे राहणे नित्य नसते, जो एक रात्र राहतो, तो अतिथी. त्याच अध्यायात सांगितले आहे, की सज्जनाच्या घरी चार गोष्टींची वाण कधी पडत नाही: बसावयास गवताचे आसन, टेकावयास भूमी, प्यावयास पाणी आणि चौथी गोड व खरी वाणी. यांत पक्वान्न नाही, पलंग नाही, स्वतंत्र खोली नाही. चौथ्या वस्तूसाठी वापरलेला सूनृत हा शब्द विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. नुसते गोड बोलणे म्हणजे सूनृत नव्हे, गोड असून खरे असेल ते सूनृत. आणखी एक गोष्ट. नवविवाहिता, कुमारिका, रोगी व गर्भवती यांना अतिथीच्याही आधी, मनात किंतु न आणता, जेवू घालावे, असेही तेथेच सांगितले आहे. त्या ग्रंथातील कित्येक वचने आज कोणी मान्य करणार नाही, व करूही नये; परंतु पाहुण्यासाठी घरातील अशक्त माणसाची उपेक्षा होऊ नये, एवढा विवेक त्या काळीही होता, हे ध्यानी घ्यावे.

परमुलुखातील अपुऱ्या घरी थोर पाहुणा आल्याचा एक प्रसंग आपल्या अर्वाचीन इतिहासात प्रसिद्ध आहे. १९१२ साली नामदार गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेत गेले. त्या वेळी गांधीजी जोहान्सबर्गपासून सुमारे २१ मैलांवर, त्यांचे मित्र कॅलनबॅक यांनी दिलेल्या ११०० एकरांच्या टॉलस्टॉय फार्मवर सत्याग्रही कुटुंबांसह राहत होते. गोखल्यांची प्रकृती नाजूक. तरीही त्यांना आपले घर दाखविल्यावाचून गांधीजींना राहवेना. पुढे दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाच्या इतिहासात त्यांनी ही हकीकत स्वतःच लिहून ठेविली आहे. फार्मवर खाट नव्हती, ती उसनी आणली. पाहुण्यास एकांत मिळेल अशी खोली नव्हती. स्टेशनापासून दीड मैल पायी यावे लागे. गांधीजींनी हे आधी विचारले होते, आणि गोखल्यांनी त्यांच्यावरील विश्वासाने फारसा विचार न करिता होकार दिला होता. नेमका त्या दिवशी पाऊस पडला. गोखल्यांना थंडी बाधली. स्वयंपाकघर दूर आणि पाहुणे कॅलनबॅक यांच्या खोलीत. खास त्यांच्यासाठी केलेले अन्न तेथे नेईपर्यंत निवून जाई. गोखले एक शब्दही बोलले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावरून यजमानास सर्व कळले.

पुढचा भाग अधिक मननीय आहे. फार्मवरील सर्व मंडळी जमिनीवर निजतात असे समजताच गोखल्यांनी ती उसनी खाट काढविली आणि आपलेही अंथरूण जमिनीवर घालविले. गांधीजी व कॅलनबॅक पाय चेपू लागले, तेव्हा त्यांनी त्यांना स्पर्शही करू दिला नाही; आणि कष्ट सोसण्यासाठी तुमचा जन्म व लाड करून घेण्यासाठी आमचा, असे तुम्हास वाटते काय, अशा अर्थाचे शब्द त्यांनी अर्धे थट्टेने व अर्धे रागाने सुनावले. ती सारी रात्र गांधीजींनी पश्चात्तापात काढिली.

या प्रसंगापासून यजमानाने घ्यावयाचा बोध हा, की "चालेल ना?" असे विचारणे पुरेसे नाही. स्नेही माणूस त्यास "चालेल" असेच म्हणणार. दीड मैल चालावे लागेल, खोली स्वतंत्र नाही, पाऊस आल्यास दुसरी सोय नाही, असे तपशील पाहुण्याच्या मनात उतरले पाहिजेत. पाहुण्याने घ्यावयाचा बोध हा, की घर जसे राहते तसे राहण्यात त्याचा मान आहे. यजमान जमिनीवर निजत असता आपण खाटेवर निजणे हे गोखल्यांसारख्यास रुचले नाही. मग आपण त्याच्या मुलांची खोली तीन आठवडे अडवावी काय, याचा विचार प्रत्येकाने करावा.

याउलट, चांगल्या तयारीने झालेल्या पाहुणचाराचे उदाहरण पाहावयाचे तर आनंदीबाई जोशी यांचे पाहावे. १८८३ साली अठराव्या वर्षी त्या वैद्यकी शिकण्यासाठी अमेरिकेस गेल्या आणि फिलाडेल्फियाच्या कॉलेजात जाण्यापूर्वी न्यू जर्सीमधील रोझेल गावी थिओडिशिया कार्पेंटर यांच्या घरी राहिल्या. दोघींचा धर्म निराळा, भाषा निराळी, अन्न निराळे. परंतु १८८० सालापासून त्यांचा पत्रव्यवहार चालू होता. गोपाळरावांचे एका मासिकात छापलेले पत्र वाचून कार्पेंटरबाईंनी आपण होऊन तो सुरू केला होता. सुमारे तीन वर्षांच्या पत्रांतून परस्परांच्या चालीरीती, आहार, घरची माणसे यांची ओळख झालेली होती. म्हणून आनंदीबाई परक्या घरात उतरल्या तरी पाहुण्या म्हणून उतरल्या नाहीत. यजमानीणबाईंना त्यांनी मावशी मानले. १८८६ साली पदवी मिळवून त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात निवर्तल्या, तेव्हा त्यांच्या अस्थी पोकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेविल्या गेल्या. केवढा हा घरोबा! आणि त्याचा पाया पत्रांनी घातलेला. आज पत्राचे उत्तर क्षणात मिळते; पण क्षणात लिहिले जाते ते "या, या" एवढेच.

आता व्यवहाराकडे वळू. यजमानाने निमंत्रणाबरोबर एक मोकळे पत्र लिहावे आणि त्यात पुढील गोष्टी स्पष्ट सांगाव्या: निजण्यास कोणती जागा मिळेल, स्नानाची पाळी कशी, घरातील माणसे किती वाजता जातात व येतात, बाजार किती दूर आणि तेथे पायी जाता येते की नाही, आणि सर्वांत महत्त्वाचे, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत सोय होईल. ब्रिटनच्या साध्या प्रवासी परवान्यावर बहुधा सहा महिन्यांपर्यंत राहता येते. परंतु सरकार राहू देते म्हणून घराने राहू दिलेच पाहिजे, असे होत नाही.

भाड्याच्या घरात राहणाऱ्याने आपला भाडेकरार आधी वाचून पाहावा. पाहुण्याने किती दिवस राहावे याची मर्यादा अनेक करारांत, विशेषतः अमेरिकेत, लिहिलेली असते. इंग्लंडमधील १९८५ च्या घरांसंबंधीच्या कायद्यात तर गर्दीचे गणितच घालून दिले आहे: ११० चौरस फूट किंवा अधिक जागेच्या खोलीत दोन माणसे, ५० चौरस फुटांहून लहान खोली निजण्यासाठी हिशेबातच नाही, एक ते दहा वर्षांचे मूल म्हणजे अर्धे माणूस, आणि वर्षाच्या आतील तान्हे म्हणजे शून्य. घरातील कुटुंबीय काही दिवस पाहुणा म्हणून येऊन निजला तर यजमानास दोष लागत नाही, अशी सवलत तेथे आहे. स्नेह्याविषयी मात्र तो कायदा मौन धरितो. पाहुण्यांची डोकी मोजावयास रोज कोणी शिपाई येत नाही, हे खरे. तथापि आपल्या भाबड्या समजुतीने मुलाला घरमालकापुढे उभे राहण्याची पाळी आणू नये.

दुसरी गोष्ट आजारपणाची. परदेशात वैद्यकीय खर्च फार. ब्रिटनमध्ये इस्पितळातील बहुतेक उपचारांसाठी प्रवाशाकडून नेहमीच्या दराच्या दीडपट रक्कम घेतली जाते. अमेरिकेत एका रात्रीच्या इस्पितळवासाने मध्यम स्थितीच्या माणसाची पुंजी संपावी, अशी अवस्था आहे. यासाठी पाहुण्याने निघण्यापूर्वी स्वखर्चाने प्रवासाचा विमा उतरवावा, नेहमीची औषधे व वैद्याची चिठ्ठी बरोबर घ्यावी आणि विम्याचे कागद यजमानास दाखवून ठेवावे. ज्याच्याकडे हा विमा नाही, त्याला "आधी विमा उतरवा, मग या," असे सांगण्यात मुलाने संकोच मानू नये.

तिसरी गोष्ट घरातील स्त्रीच्या श्रमांची. वनपर्वातील दुर्वासांची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. पांडव वनवासात, म्हणजे परमुलुखातच; द्रौपदीचे भोजन आटोपले, थाळी रिकामी झाली, आणि त्या वेळी ऋषी शिष्यपरिवारासह भोजनास येऊन नदीवर स्नानास गेले. धर्मराजाने निमंत्रण दिले. संकट कोणावर आले? द्रौपदीवर. तिच्या हाकेला श्रीकृष्ण धावून आला म्हणून निभावले. परदेशातील आपल्या मुलींच्या व सुनांच्या हाकेला धावून जाण्यास घरात दुसरे कोणी नसते. म्हणून निमंत्रण देण्यापूर्वी नवऱ्याने बायकोस विचारावे, आणि तिने "या महिन्यात जमणार नाही" असे म्हटल्यास तो घराचा निर्णय समजावा. आल्यावर पाहुण्यांनी एक वेळचा स्वयंपाक आपल्याकडे घ्यावा, भांडी धुवावी, मुलांना शाळेतून आणावे. हे काम पुरुषांनाही येते. न येत असल्यास त्या वयातही शिकता येते.

चौथी गोष्ट जवळपास उतरण्याची. घरी निजण्याची सोय नसल्यास पाहुण्यास शेजारच्या एखाद्या खाणावळीत किंवा भाड्याच्या खोलीत उतरवून दिवसा घरी बोलावणे यात काहीही कमीपणा नाही. लंडनमध्ये विदर्भातून गेलेल्या राधाबाई वनारसे या निरक्षर बाईंनी अशीच खाणावळ चालवून कितीतरी मराठी मंडळींना मायेचा घास दिला. डॉ. सरोजिनी वैद्य यांनी लिहिलेल्या चरित्रामुळे लंडनच्या आजीबाई म्हणून त्या घरोघरी परिचित झाल्या. त्यांच्याकडे उतरणारा माणूस पैसे देऊन राही, तरी जिव्हाळा उणा पडत नसे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे. अशा संस्थांतील ओळखीच्या माणसांकडे विचारपूस केल्यास बेताच्या खर्चात उतरण्याची जागा सुचविणारा कोणी ना कोणी भेटतो.

राहता राहिली येथील वडील मंडळी. परदेशी गेलेल्या मुलाचे किंवा सुनेचे असे मोकळे पत्र आले म्हणजे आपल्याकडे कित्येकांचा चेहरा उतरतो. "आता आम्हाला तारखा सांगू लागले," "पाण्याचा हिशेब लिहून पाठविला," असे शब्द निघतात. ज्याच्या मनात तुम्ही येऊ नये असे असते, तो बहुधा पत्रच लिहीत नाही. तो कामाची सबब सांगून मोकळा होतो. टाकीचे पाणी किती वेळ पुरते हे जो कळवितो, त्याने तुमच्या येण्याचा खराखुरा विचार केलेला असतो. तेव्हा आपल्या एखाद्या स्नेह्याने "तुमच्या मुलाकडे जाऊ म्हणतो," असे म्हटले, तर मुलाच्या वतीने आपणच परस्पर होकार देऊ नये. "त्याला विचारून सांगतो," एवढेच म्हणावे. मुलाचे उत्तर येईल ते, मग ते पंधरा दिवसांचे असो, पाच दिवसांचे असो, की या वर्षी नको असे असो, स्नेह्यास जसेच्या तसे वाचून दाखवावे.